शेवटच्या बांधीचं पाणी

पळसटोल्याच्या पाणीवाटप समितीचं अध्यक्षपद गुंजनला दिलं ते तिच्या सासऱ्याला आठवून दिलं. ऐकायला कडू लागेल, पण खरं आहे, आणि तिलाही ते पक्कं ठाऊक होतं. सासरा बकाराम पटले सत्तावीस वर्षं गावच्या मामा तलावाचं, जुन्या मालगुजारी तलावाचं, पाणी धानाला वाटत आला. नहराच्या पाटावर दोघं जण फावडी उगारून उभे असले आणि बकाराम नुसता येऊन तलावाच्या पाळीवर टेकला, तरी फावडी खाली यायची. त्यानं कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. चैत्रात तो गेला. जूनच्या सभेत नवा अध्यक्ष कोण यावर तासभर नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे पाहणं चाललं होतं, तेव्हा सुशिलाबाई उठली.

"त्याची सून बारावी शिकली हाये, तिले करा," ती म्हणाली. "तुमी सारे आपापल्या बांधीचेच पाहता."

सुशिलाबाई म्हणजे नवऱ्यामागे एकटीनं दीड एकर ठेक्यानं करणारी, तोंडाची फटकळ बाई. नहराच्या अगदी टोकाला तिची बांधी, म्हणजे चारी बाजूंनी धुरा, मातीचा बांध, घातलेलं धानाचं शेत, आणि धुऱ्याला धुरा लागून पुढची, शेवटची, गुंजनची. सुशिलाबाईपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. माना डोलल्या आणि गुंजन अध्यक्ष झाली. तिचा नवरा धर्मेंद्र राईस मिलच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्याला फोनवर कळलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "बाबाची काठी घेऊन फिर आता."

काठी कसली, तिला तर पाळीवर उभं कसं राहावं तेच कळेना. पदर सावरावा की हात मागे बांधावे, इथून तयारी. पोळ्याच्या आधी गोंदियात बायांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथं समितीनं तिला पाठवलं. एका हॉलमध्ये कोट घातलेला माणूस माईकवरून सांगत होता, "मॅडम, लीडर को देख के ही पता चलना चाहिए के लीडर है. सीधे खडे रहिये, आँख में आँख डाल के बोलिये. और 'पाहू', 'बघू', 'विचारून सांगते', ये तीन शब्द आज से बंद!" बायांनी टाळ्या वाजवल्या. गुंजननं ते वहीत उतरवून घेतलं, आणि घरी येऊन रोज सकाळी गोठ्यात म्हशीपुढे ताठ उभं राहून बोलायचा सराव केला. म्हैस बिचारी ऐकून घ्यायची.

यंदा पाऊस गणपतीनंतर गेला तो गेलाच. घटस्थापनेपर्यंत बांधीत भेगा दिसू लागल्या. धान ऐन भरात, कुठं लोंब, म्हणजे कणीस, अजून पोटरीच्या आवरणात, कुठं बाहेर पडतेय, आणि आभाळ निळंशार. लोक तलावाकडे पाहू लागले. तलावाच्या तुडुमाला, म्हणजे जिथून पाणी नहरात सोडतात त्या दगडी तोंडाला, आत उतरत जाणाऱ्या सात पायऱ्या आहेत. त्यातल्या वरच्या तीन कोरड्या पडल्या होत्या. पाण्यात चार.

सभा शाळेच्या आवारात भरली. चाळीस खातेदार, सगळे तापलेले. रामलाल सगळ्यात पुढे. त्याचं रान नहराच्या मध्यावर, सहा एकर, आणि पाच एचपीची मोटर त्यानं आधीच ट्रॅक्टरवर घालून पाळीखाली आणून ठेवली होती. पाईपही अंथरलेला.

"बाई, तू सांग," तो म्हणाला. "पानी पुरते का नाई पुरत? नाई पुरत त मी आजच मोटर टाकतो. मंग कोनी बोंबलू नका."

एकानं मोटर टाकली की संध्याकाळपर्यंत दहा पडतात, आणि चौथ्या दिवशी तलावात बेडूकही उरत नाही. शेजारच्या दोन गावांत तेच झालं होतं. तिला सासऱ्याचं एक वाक्य ठाऊक होतं, घरात शंभरदा ऐकलेलं: एक पायरी, एक फेरी. एका पायरीच्या पाण्यात साऱ्या गावचं धान एकदा भिजतं. चार पायऱ्या आहेत. खालची गुराढोरांची, तिला हात लावायचा नाही. उरल्या तीन. तिनं त्यातलीही एक हाताशी ठेवली. ती ताठ उभी राहिली, रामलालच्या डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाली, "दोन फेऱ्या मिळतील. प्रत्येक बांधीला. माझा शब्द आहे."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "बकारामची सून शोभते." खोटं कशाला सांगा, तिला फार फार बरं वाटलं.

रामलाल मात्र पक्का. "दोन फेऱ्या हायेत ना? मंग मले पयले द्या. माहा धान लोंबीवर आला, तो थांबत नाई."

आता पळसटोल्याची रीत अशी की पाणी शेवटाकडून सुरू होतं. टोकाची बांधी आधी, तुडुमाजवळची शेवटी. वरच्याला केव्हाही मिळतं, म्हणून त्यानं थांबायचं, आणि खालच्याला पाणी पोचल्याशिवाय वर कुणी नाका, बांधीत पाणी घ्यायचं तोंड, उघडायचा नाही. ही रीत कुणी कधी मोडली नव्हती. गुंजननं मोडली. तिला वाटलं, मोटर तर थांबते ना? दोन फेऱ्या आहेत तर कुणी आधी, कुणी नंतर, फरक काय पडतो? तिनं यंदा पाणी वरून सुरू होईल असं जाहीर केलं, आणि टोकाच्या चौदा जणांना विनंती केली की पहिल्या फेरीत आठ-दहा दिवस थांबा. तिची स्वतःची बांधी त्या चौदात होतीच.

तेरा जण कुरकुरले. सुशिलाबाईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तू म्हनतेस त थांबते," ती म्हणाली. "माहा धान पोटरीतून बाहेर येऊन राहिला. पन तुह्या शब्दावर थांबते." ती बोलली म्हणून बाकीचेही गप्प झाले.

पाणी सुटलं. दोन फेऱ्या पक्क्या, म्हटल्यावर वरच्या लोकांनी पहिल्या फेरीत हात आखडला नाही. जिथं चार बोटं पाणी पुरलं असतं तिथं वीतभर घेतलं. रामलालची बांधी तर धुऱ्यापर्यंत तुडुंब भरली. गुंजन रोज नहराच्या कडेनं फिरायची, लोक तिला "अध्यक्षबाई" म्हणायचे, आणि ती मान ताठ ठेवायची.

नवव्या दिवशी सकाळी शालीकराम तिच्या दारात आला. शालीकराम म्हणजे पाणकर. तुडूम उघडणं आणि झाकणं त्याचं काम, बकारामच्या आधीपासूनचं. सत्तरीला टेकलेला, बोलणं कमी. "चाल, पाहून घे," एवढंच म्हणाला.

तुडुमापाशी जाऊन तिनं खाली पाहिलं. टोकाच्या चौदा बांध्यांना अजून थेंब मिळाला नव्हता, आणि गुरांच्या पायरीच्या वर कसंबसं अर्ध्या पायरीचं पाणी उरलं होतं.

"असं कसं झालं, काका? एक पायरी, एक फेरी ना?"

"वरच्या पायऱ्याची गोष्ट हाये ते," शालीकराम म्हणाला. "तलाव कढईवानी हाये. वरती पसारा, खालती बूड. चौथ्या पायरीपासून दोन पायऱ्याची एक फेरी होते. आता गाळ भरला, त तेही होत नाही. म्हनून बकाराम चौथी पायरी लागली का शेवटाकडच्यालेच देऊन मोकळा होये. वरचे मंग त्याचं त्याचं पाहत."

"तुम्ही सभेत होते. तेव्हाच काऊन नाही सांगितलं?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. "तू विचारलं कुठं?" तो म्हणाला. "बकाराम दर साली विचारे मले. सभेच्या आधी इथं बसून विचारे. सभेत त कधी आकडा बोलतच नव्हता. 'पाहू' म्हने."

गुंजन पायरीवर बसली. पाहू. बघू. विचारून सांगते. तिला त्या कोटवाल्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि तो जाईना. सासरा सत्तावीस वर्षं गप्प उभा राहायचा तो लोकांना दरारा वाटला होता. तिलाही तेच वाटलं होतं. मुळात तो माणूस आधी विचारून यायचा आणि जेवढं कळलं तेवढंच बोलायचा, बाकी काही नाही. आणि आपण? म्हशीपुढे ताठ उभं राहायला शिकलो. तिला रडू कोसळलं, आणि शालीकराम पाठ फिरवून तलावाकडे पाहत उभा राहिला.

दुपारी तिचा भासरा, मोठा दीर, देवानंद घरी आला. गावात कुणकुण लागली होतीच. देवानंद ग्रामपंचायतीत दोनदा निवडून आलेला, माणसं ओळखणारा गडी. त्यानं खाट ओढली, पाणी प्यायला आणि मुद्द्यावर आला.

"घाबरू नोको. रामलालची मोटर पाळीखाली पडून हाये, पाईप पान्यात हाये. साऱ्या गावानं पाह्यलं. आपन म्हनू, त्यानं चोरून पानी खेचलं. हिशेब तुहा बरोबर होता, चोरी झाली. लोक आधीच त्याच्यावर खार खाऊन हायेत, दुसरं कोनी विचारनार नाई."

"पण त्यानं खेचलं नाही, भाऊजी. शालीकराम काका तिथंच झोपतात. मोटर सुरूच झाली नाही."

"शालीकराम आपला मानूस हाये. गप्प राहील." देवानंदनं आवाज खाली आणला. "हे पाय, तुहा शब्द गेला का समिती गेली. उद्याच दहा मोटरा पडतील. तू खरं बोलून गावाचं भलं करून राहिली का वाटोळं, याचा विचार कर. एक मानूस बदनाम होईल, तोही रामलाल. त्यात का बिघडते?"

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. तिचा शब्द पडला तर मोटरा पडणार होत्या, आणि चौदा बांध्या वाळणार होत्या. तिनं त्या दुपारी चुलीपुढे बसून पुष्कळ उलटसुलट केलं. सासू सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शेवटी गुंजननंच सासऱ्याबद्दल विचारलं, "आई, मामाजी कधी चुकले होते का?"

"एक साल चुकले," सुलोचनाबाई म्हणाल्या. "त्या साली घराघरी जाऊन आले. मी म्हनलं, कायले जाता, सभेतच सांगा. त म्हने, सभेत सारे मिळून शिव्या देतात, घरी एकेक जन देते. एकेकाची खावीच लागते." सुपातला खडा त्यांनी अंगणात टाकला. "तुले घराघरी जायले वेळ नाई आता. पानी अर्धी पायरीच हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं साऱ्यांना पाळीवर बोलावलं. शाळेत नाही, तुडुमापाशी, जिथं पायऱ्या दिसतात. लोक आले ते तापलेले चेहरे घेऊनच आले. ती उभी राहिली, आणि तिला कळलं की आपले पाय कापतायत आणि ते सगळ्यांना दिसतंय. दिसू दे, असं म्हणून तिनं बोलायला सुरुवात केली.

"पाणी सरलं. दोन फेऱ्या म्हणाली होती मी, एकही पुरी झाली नाही. चोरी कुणी केली नाही. रामलालभाऊची मोटर एक दिवस चालली नाही, शालीकराम काका साक्षीला आहेत. हिशेब माझा चुकला. मला खालच्या पायऱ्यांचं माहीत नव्हतं, आणि मी काकाले विचारलं नाही. विचारलं असतं तर मला येत नाही असं दिसलं असतं, म्हणून विचारलं नाही."

देवानंदनं कपाळावर हात मारला. मग जे सुरू झालं ते काय सांगावं. "अध्यक्ष झाली होती!" "बाईच्या हाती पानी देल्यावर असंच होते!" टोकाकडचा ईश्वरदास तर अंगावर धावून आला, त्याला दोघांनी धरलं. टोकाकडच्या तेरातला प्रत्येक जण बोलला. गुंजननं एकालाही मध्ये तोडलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही, कारण आपण दया मागतोय असं दिसेल अशी तिला भीती वाटली. साऱ्यांचं संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

ओरडायला कुणी उरलं नाही तेव्हा रामलाल पुढे आला. आपलं नाव असं सगळ्यांपुढे स्वच्छ होईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे त्याचा नेहमीचा तोरा जरा ढिला पडला होता. "मंग आता का करतेस?" त्यानं विचारलं. "तुह्या शब्दावर आता कोन थांबते?"

"माझ्या शब्दावर नका थांबू," ती म्हणाली. "काका, साऱ्यांपुढे सांगा, गुरांची पायरी सोडून उरलं ते किती बांध्यांना पुरेल?"

शालीकराम पायऱ्या उतरला, हातानं मापलं, वर आला. "चार बोटं देलं त सहा. लई झालं त सात."

"वरच्यांना दुसरी फेरी नाही. ज्यांना मिळालं त्यांना मिळालं. चौदातल्या सात बांध्यांना द्यायचं. कोणत्या, ते मी ठरवत नाही. आपण सारे मिळून चालू. ज्याची बांधी त्यानं आपल्या हातानं पोटरी चिरायची, साऱ्यांपुढे. धान पोटरीत असेल, आतली लोंब हिरवी असेल, तर पाणी दिलं की वाचतं. लोंब पांढरी पडली असेल तर पाणी देऊन फायदा नाही. त्याला मिळणार नाही. मग तो कुणीही असो."

पोटरी चिरून पाहणं ही काही तिची अक्कल नव्हे, इथं प्रत्येक घरात धान असंच पाहतात. पण गावानं मिळून एकेकाच्या बांधीत उभं राहून पाहायचं, असं कधी झालं नव्हतं. बांधी म्हणजे घरचं माणूस, तिचं दुखणं चारचौघांत कोण उघडं करतं? लोक घुटमळले. "चाला," रामलाल म्हणाला, आणि सगळ्यात आधी धुऱ्यावरून चालू लागला. पाईप तसाच पाण्यात होता. तो त्यानं काढला नव्हता, पण मोटरकडे गेलाही नाही.

ऊन डोक्यावर आलं. एकेक बांधी होत गेली. ईश्वरदासनं नखानं पोटरी फाडली, आत हिरवीगार कोवळी लोंब, आणि हा मघाचा धावून येणारा माणूस हुंदका देऊन खाली बसला. पुढच्या दोन बांध्या पांढऱ्या निघाल्या. तिसऱ्यातही पांढरी. कुणाला समजूत घालावी लागली नाही. हातात चिरलेलं धान असताना माणूस काय भांडणार? ज्याचं गेलं तो मान खाली घालून घोळक्यात मिसळायचा आणि पुढच्या बांधीकडे चालू लागायचा. तेरावी बांधी सुशिलाबाईची. तोवर सहा हिरव्या झाल्या होत्या. एक नंबर उरला होता.

सुशिलाबाईच्या धानाची लोंब पोटरीतून बाहेर पडून चुकली होती. चिरायलाही काही नव्हतं. उभ्या उभ्या दिसत होतं. तिनं एक लोंब हातात घेतली, दाणा दातांखाली धरला, चावला आणि थुंकला. "पोचट हाये," ती म्हणाली. "सारा पोचट हाये." वर्षाचा तांदूळ तिचा याच बांधीतून निघायचा. दहा दिवसांपूर्वी पाणी मिळालं असतं तर दाणा भरला असता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. गुंजनला वाटलं, आता हिनं आपल्या तोंडात मारावी, निदान शिवी तरी द्यावी. सुशिलाबाईनं पदर खोचला आणि धुरा ओलांडून गुंजनच्या बांधीत पाय ठेवला.

"चीर," ती म्हणाली.

गुंजनचं धान भारी, उशिराचं. रोवणी पंधरा दिवस मागून झालेली. तिनं पोटरी चिरली. आत लोंब हिरवी होती, दुधासारखी ओलसर. सातवी बांधी. शेवटचा नंबर अध्यक्षबाईंचाच. घोळक्यात कुजबुज सुरू झाली, आणि ती कुजबुज काय होती हे सांगायची गरज नाही. देवानंद पटकन तिच्या कानाशी आला. "नाही म्हन. हात जोड अन् सोडून दे. सारं धुऊन निघते, लोक डोक्यावर घेतील."

तिला स्वतःलाही तेच हवं होतं. सुशिलाबाईची बांधी मेल्यावर आपली कशी भिजवायची? ती वळली. "माझ्या बांधीला पाणी नको," ती म्हणाली. "मी घेत नाही. ज्यांची..."

"ज्यांची का?" सुशिलाबाई कडाडली. "कोनाले देशील? पांढऱ्या लोंबीले पाजशील? का नहरात सांडशील?"

"मावशी, तुमची गेली माझ्यामुळे. मी कोणत्या तोंडानं घेऊ?"

"याच तोंडानं घे. तूच बोललीस ना आता पाळीवर, हिरवी असंन त मिळंन, पांढरी असंन त नाही, कोनीही असो? त मी कोनीही झाली, अन् तू कोनी खास हाये का?" तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तू घेतलं नाई, त उद्या हे सारे म्हनतील बाई मोठ्या मनाची. अन् माहा धान? माहा धान उगाच मेला? मानूस चांगला दिसावा म्हनून पानी वाटत नाहीत, पोरी. बकारामनं एक दिवस वाटलं नाही तसं. गप्प उभी राय अन् घे."

गुंजन गप्प उभी राहिली. त्या घटकेला तिला धरणीनं दुभंगून पोटात घ्यावं असं वाटत होतं. चाळीस माणसं पाहत होती, त्यातल्या निम्म्यांच्या मनात शंका होती आणि ती शंका पुसायला तिच्याजवळ काही नव्हतं. फक्त चिरलेली पोटरी होती हातात, ती तिनं खाली टाकली नाही. "घेते," ती म्हणाली. मग शालीकरामला म्हणाली, "काका, तुडूम उघडा. टोकाकडून सुरू करा. माझ्या बांधीपासून."

शालीकराम निघाला. त्याच्या मागोमाग रामलालही पाळीकडे गेला. थोड्या वेळानं लोकांनी पाहिलं, तो गुडघाभर पाण्यात उतरून एकटाच आपला पाईप बाहेर ओढत होता. मदतीला कुणी गेलं नाही आणि त्यानं कुणाला हाक मारली नाही.

नहरातून पाणी यायला तासभर लागला. गढूळ, हळूहळू, वाळलेली पानं पुढे ढकलत ते आलं. सुशिलाबाईच्या नाक्याशी ते वळू पाहत होतं, कारण उतार तिकडेच. तिनं फावडं घेतलं, चिखलाचे चार गोळे टाकले आणि आपल्याच बांधीचा नाका आपल्या हातानं बांधून टाकला. पायानं दाबून पक्का केला. पाणी अडलं, फिरलं आणि गुंजनच्या बांधीत शिरलं. भेगांमध्ये उतरताना त्याचा बुडबुड आवाज होत होता.

लोक पांगू लागले. कुणी तिला चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. ईश्वरदास जाताना थबकला. "माहा नंबर कधी?" त्यानं विचारलं.

"तिसरा. पण नक्की किती वाजता ते काकाले विचारून सांगते," ती म्हणाली. तो बरं म्हणून गेला.

मग तिनं वळून पाहिलं तर सुशिलाबाई गुंजनच्या बांधीत उतरलेली. लुगडं गुडघ्यावर खोचून, वाकून, धुऱ्याच्या कडेनं हात फिरवत चालली होती. धुऱ्याला खेकड्यांची भोकं असतात, त्यातून पाणी आरपार निघून जातं. एकेक भोक बोटानं चाचपून ती चिखल कोंबत होती, मुठीनं ठोकत होती.

"मावशी, तुम्ही कायले?" गुंजन धावत गेली. "मी करते. तुम्ही घरी जा, ऊन लागेल."

सुशिलाबाईनं मान वर केली नाही. चिखलाचा गोळा भोकात दाबत म्हणाली, "हे माह्या धानाचं पानी हाये, पोरी. एक थेंब वाया जाऊ देऊ नोको."

गुंजन तिच्या शेजारी वाकली आणि पुढचं भोक शोधू लागली.